सोलेंटमध्ये शिडाची होडी चालवताना: व्हीएचएफ रेडिओ आणि एआयएस कसे वापरावेत

आइल ऑफ वाइट बेट आणि इंग्लंडचा दक्षिण किनारा यांच्यामधल्या सामुद्रधुनीला सोलेंट म्हणतात. साउदॅम्प्टन किंवा पोर्टस्मथला नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या लोकांपैकी काही जण हळूहळू शिडाच्या होडीकडे वळतात, आणि वळावंच असं पाणी आहे हे. पण याच पाण्यातून चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं, दिवसभर ये-जा करणाऱ्या फेरीबोटी, हॉवरक्राफ्ट आणि नौदलाची जहाजं जातात. नऊ-दहा मीटरची होडी घेऊन इथे उतरायचं तर आपण कुठे आहोत हे इतरांना कळलं पाहिजे आणि त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू आलं पाहिजे.

त्यासाठी दोन यंत्रं लागतात. व्हीएचएफ हा बोलण्याचा रेडिओ. एआयएस म्हणजे जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा आपोआप प्रसारित करणारी ओळख यंत्रणा. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर आधी व्हीएचएफ घ्या, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन. एआयएस तुमची जागा सांगतं, पण बुडताना मदत मागता येते ती व्हीएचएफवरूनच. दोन्ही यंत्रं बसवून घेणं सोपं आहे. गोंधळ होतो तो परवाने, क्रमांक आणि जोडणीत, म्हणून तिथे मी जास्त वेळ घेतला आहे.

सुरुवातीला हे जमवा

- डीएससीची सोय असलेला, होडीत पक्का बसवलेला २५ वॉटचा व्हीएचएफ. डीएससी म्हणजे लाल बटण दाबलं की संकटाचा संदेश आपोआप पाठवणारी सोय.
- पाण्यात पडला तरी चालणारा, हातात धरायचा छोटा व्हीएचएफ, पाच-सहा वॉटचा.
- ‘क्लास बी’ एआयएस ट्रान्सपाँडर, म्हणजे ऐकणारा आणि पाठवणाराही. नुसता ऐकणारा रिसीव्हर स्वस्त असतो, पण त्याने तुम्ही कुणाला दिसत नाही.
- डोलकाठीच्या टोकावर बसवायचा अँटेना आणि चांगली केबल.
- ऑफकॉमचा, म्हणजे ब्रिटनच्या दळणवळण नियामकाचा, रेडिओ परवाना, एसआरसी प्रमाणपत्र, होडीची कागदपत्रं.
- रेडिओशेजारी चिकटवायला एक प्लॅस्टिक चढवलेला कागद. त्यावर काय लिहायचं ते पुढे येईल.

१. एसआरसी परीक्षा द्या

एसआरसी म्हणजे शॉर्ट रेंज सर्टिफिकेट. ब्रिटनमध्ये सागरी व्हीएचएफवर बोलायचं तर हे माणसाच्या नावावर लागतं. अभ्यासक्रम आरवायएच्या (रॉयल यॉटिंग असोसिएशन) मान्यताप्राप्त संस्थांमध्ये होतो, वर्गात बसून एका दिवसात किंवा ऑनलाइन, आणि परीक्षा स्वतंत्र परीक्षक घेतो. लेखी भाग असतो, शिवाय सरावाच्या रेडिओवर प्रत्यक्ष बोलून दाखवावं लागतं. प्रमाणपत्र एकदा मिळालं की आयुष्यभराचं.

तुमच्याकडे ते नसेल तरी प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली तुम्ही बोलू शकता. आणि जिवावर बेतलं असेल तर कुणीही, अगदी होडीवरचं मूलही, रेडिओ उचलून मदत मागू शकतं. घरच्यांना हे आवर्जून सांगून ठेवा. प्रमाणपत्र नाही म्हणून रेडिओला हात लावायला कचरणारी माणसं मी पाहिली आहेत.

२. ऑफकॉमचा परवाना काढा

इथे बहुतेकांची गल्लत होते. प्रमाणपत्र माणसाचं असतं आणि परवाना होडीचा. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

होडीचा परवाना ऑफकॉमच्या संकेतस्थळावर ऑनलाइन काढला तर फुकट मिळतो. तो आयुष्यभर चालतो, पण ठराविक वर्षांनी तपशील अजून खरे आहेत का ते कळवावं लागतं. अर्ज भरताना व्हीएचएफ, एआयएस, रडार, संकटातला उपग्रह बीकन अशी होडीवरची सगळी उपकरणं नोंदवा. आज एआयएस नसेल आणि पुढच्या वर्षी घेतलं, तर परत जाऊन ते यादीत घाला.

परवान्यासोबत दोन गोष्टी मिळतात. एक कॉल साइन, म्हणजे रेडिओवर सांगायची अक्षर-आकड्यांची खूण, आणि दुसरा एमएमएसआय, म्हणजे नऊ आकडी ओळख क्रमांक. ब्रिटिश होड्यांचा क्रमांक २३२ ते २३५ यांपैकी कशाने तरी सुरू होतो. भारतीय जहाजांचा ४१९ ने. किनाऱ्यावरच्या केंद्रांचा दोन शून्यांनी.

वापरलेली होडी घेतली असेल तर नीट पाहा. ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये विक्री झाली तर कॉल साइन आणि एमएमएसआय होडीसोबतच राहतात, पण परवाना आपोआप तुमच्या नावावर होत नाही. तुम्हाला नवा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर संकटात बटण दाबल्यावर तटरक्षकांना जुन्या मालकाचं नाव, जुना फोन आणि कदाचित होडीचा जुना रंगही दिसेल. होडी परदेशातून आली असेल तर रेडिओत त्या देशाचा क्रमांक बसलेला असतो आणि तो बदलून घ्यावाच लागतो.

हातात धरायच्या रेडिओत डीएससी असेल आणि तो तुम्ही वेगवेगळ्या होड्यांवर नेणार असाल, तर त्यासाठी वेगळा पोर्टेबल परवाना आहे. तोही ऑनलाइन फुकट मिळतो.

३. क्रमांक भरताना घाई नको

एमएमएसआय व्हीएचएफमध्येही भरायचा आणि एआयएसमध्येही, आणि दोन्हीकडे तोच. बहुतेक यंत्रं हा क्रमांक वापरणाऱ्याला एकदाच भरू देतात. आकडा चुकला तर यंत्र विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे पाठवावं लागतं. एकाने परवान्यावरून मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने भरावं आणि पक्कं करण्याआधी पडद्यावरून उलट वाचून दाखवावं.

एआयएसमध्ये आणखी थोडी माहिती लागते: होडीचं नाव, कॉल साइन, प्रकार आणि जीपीएस अँटेना नाळेपासून (पुढच्या टोकापासून), मागच्या टोकापासून व दोन्ही बाजूंपासून किती मीटरवर आहे ते. प्रकारात ३६ म्हणजे शिडाची होडी, ३७ म्हणजे मौजेची होडी. ही मापं शून्य ठेवली तर इतरांच्या पडद्यावर तुमची होडी नुसता ठिपका होते.

४. अँटेना आणि केबलवर खर्च करा

व्हीएचएफच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे पल्ला ठरतो तो अँटेनाच्या उंचीवर. हिशोब सोपा आहे: उंचीच्या मीटरमधल्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला सव्वादोनने गुणा, म्हणजे क्षितिजापर्यंतचे सागरी मैल मिळतात. डोलकाठीचं टोक १४ मीटरवर असेल तर साडेआठ मैलांच्या आसपास. समोरच्या जहाजाचा अँटेना ४० मीटरवर असेल तर त्याचे १४ मैल मिळवा, बेरीज २२ मैलांच्या वर जाते. कॉकपिटमध्ये बसून हातातला रेडिओ वापराल तर तुमच्या बाजूचे जेमतेम अडीच मैल. म्हणून हातातला रेडिओ जोडीला हवा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

केबलचं मोल लोकांना कळत नाही. आरजी-५८ ही बारीक केबल २० मीटर ओढली की निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच जाते. २५ वॉटचा रेडिओ घेऊन टोकाला दहा पोचवायचे, याला काय अर्थ? जाड आरजी-२१३ डोलकाठीतून ओढायला त्रास देते, वजनही वाढवते, पण तीच घाला किंवा निदान मधल्या जाडीची घ्या. डोलकाठीच्या बुडाशी असलेला जोड दरवर्षी उघडून पाहा. तांबं हिरवं पडलेलं दिसलं तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा.

एआयएसला स्वतंत्र अँटेना द्यावा की स्प्लिटर लावून डोलकाठीवरचाच वापरावा? स्प्लिटर एआयएसच्या कामासाठीच बनवलेला असला पाहिजे. साधा जोड लावला तर व्हीएचएफवर बोलताक्षणी एआयएस जळू शकतं. मला स्वतंत्र अँटेना बरा वाटतो, मागच्या कठड्यावर बसवलेला. डोलकाठी मोडली तरी एक अँटेना उरतो.

५. जीपीएस जोडलंय याची खात्री करा

या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा. लाल बटणाच्या संदेशात तुमची जागा तेव्हाच जाते जेव्हा रेडिओला ती माहीत असते. नव्या रेडिओंत जीपीएस आतच असतं. जुन्यांना प्लॉटरमधून, म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या यंत्रातून, एनएमइएच्या (यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या) तारेने जागा द्यावी लागते, आणि नेमकी तीच तार बसवणारे विसरतात.

रेडिओ लावा आणि पडदा पाहा. अक्षांश, रेखांश आणि वेळ दिसली पाहिजे आणि होडी हलली की शेवटचे आकडे बदलले पाहिजेत. त्या जागी ‘नो पोझिशन’ किंवा नुसत्या आडव्या रेघा असतील तर तुमचा संकटसंदेश जागेशिवाय जाईल. तटरक्षकांना कळेल की कुणीतरी बुडतंय, कुठे ते कळणार नाही. आता प्लॉटर बंद करून पुन्हा पाहा. आकडे गोठले असतील तर जागा प्लॉटरवर अवलंबून आहे. मग निघताना प्लॉटर लावायचाच, पडदा बघायचा नसला तरी.

६. आधी महिनाभर फक्त ऐका

चॅनल १६ हा संकट, सुरक्षितता आणि हाक मारण्याचा. चॅनल ७० डीएससीसाठी राखीव आहे, त्यावर बोलायचं नाही. साउदॅम्प्टनचं वाहतूक नियंत्रण १२ वर, पोर्टस्मथचं ११ वर, काउज बंदर ६९ वर, बहुतेक मरीना ८० वर. सोलेंटमध्ये मी ‘ड्युअल वॉच’ लावून १६ आणि १२ एकत्र ऐकतो. बारावर कुठलं मोठं जहाज कधी निघालं, कधी वळणार, हे पायलटच्या तोंडून ऐकू येतं, आणि ते एआयएसवर दिसण्याच्या बरंच आधी.

तटरक्षक दर तीन तासांनी हवामान आणि सुरक्षिततेची माहिती देतात. सोळावर सूचना होते, मग ते सांगतील त्या चॅनलवर जायचं.

ऐकताना दोन खोड्या लक्षात ठेवा. सेटिंगमध्ये चॅनलचा संच ‘यूएसए’वर गेला असेल तर काही चॅनलवर समोरचं बोलणं ऐकूच येत नाही. तो ‘इंटरनॅशनल’ किंवा ‘यूके’ ठेवा. दुसरी खोडी मायक्रोफोनची. तो गादीखाली अडकला आणि बटण दाबलेलं राहिलं तर सोळा नंबर अख्ख्या परिसरासाठी बंद पडतो आणि तुमच्या होडीवरच्या गप्पा सगळे ऐकतात. बोलून झालं की माइक हुकवर टांगा.

७. पहिलं बोलणं: रेडिओ चेक

रेडिओ चालतो का हे तपासण्यासाठी सोळावर तटरक्षकांना हाक मारू नका. नॅशनल कोस्टवॉचची (एनसीआय) स्वयंसेवी ठाणी चॅनल ६५ वर हे काम आनंदाने करतात. कॅलशॉट, गॉसपोर्ट आणि नीडल्सला त्यांची ठाणी आहेत. बोलायचं इतकंच: ‘कॅलशॉट एनसीआय, कॅलशॉट एनसीआय, धिस इज यॉट सागरिका, सागरिका. रेडिओ चेक प्लीज, ओव्हर.’

आपल्यापैकी पुष्कळांच्या होड्यांची नावं मराठी असतात, आणि ती इथल्या कानाला पहिल्या फटक्यात पकडता येत नाहीत. त्यात वाईट काही नाही, मात्र स्पेलिंग तोंडपाठ हवं. सागरिका: सिएरा, अल्फा, गोल्फ, अल्फा, रोमिओ, इंडिया, किलो, अल्फा. गाडी चालवताना मोठ्याने म्हणा. बटण दाबल्यावर एक क्षण थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आपण घाईत भरभर बोलतो. इथे निम्म्या वेगाने बोला, तोंड माइकपासून चार बोटांवर. जवळच्या माणसाशी बोलताना एक वॉट पुरतो. ‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला, ‘आउट’ म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकत्र म्हणायचं नाही.

८. एआयएसचा पडदा वाचायला शिका

मोठी जहाजं ‘क्लास ए’ वापरतात. शक्ती साडेबारा वॉट, आणि चालत्या जहाजाची माहिती दोन ते दहा सेकंदांनी येते. आपल्याकडे येणारा साधा ‘क्लास बी’ दोन वॉटचा असतो आणि दोन नॉटच्या वर असाल तेव्हा दर ३० सेकंदांनी जागा सांगतो, त्याखाली दर तीन मिनिटांनी. नाव दर सहा मिनिटांनी जातं, म्हणून नव्या ठिपक्यावर थोडा वेळ फक्त आकडे दिसतात. हे साधं यंत्र बोलण्याआधी मोकळी जागा शोधतं, त्यामुळे काउज वीक या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींसारख्या गर्दीत त्याची पाळी हुकू शकते. परवडत असेल तर पाच वॉटचा ‘एसओटीडीएमए’ प्रकार घ्या, तो आपली वेळ आधीच राखून ठेवतो.

पडद्यावर दोन आकडे महत्त्वाचे: सीपीए, म्हणजे दोघं एकमेकांच्या सर्वांत जवळ येऊ तेव्हाचं अंतर, आणि टीसीपीए, म्हणजे त्याला उरलेला वेळ. १८ नॉटने येणारं जहाज पाच मैल सतरा मिनिटांत कापतं. उघड्या समुद्रात हे आकडे रात्री जीव वाचवतात.

सोलेंटमध्ये मात्र हेच आकडे फसवतात. सीपीएचा हिशोब दोघंही सरळ जाणार असं धरून चालतो. पूर्वेकडून साउदॅम्प्टनला येणारं कंटेनर जहाज काउजसमोरून पश्चिमेला जातं आणि वेस्ट ब्रॅम्बल बोयापाशी उजवीकडे शंभर अंशांहून जास्त वळून थॉर्न चॅनल या जलमार्गात शिरतं. काउजच्या उत्तरेला उभे असाल तर पडद्यावर त्या जहाजाच्या त्रिकोणी चिन्हाच्या नाकातून निघालेली रेघ तुमच्या बाजूने निघून गेलेली असते, सीपीए अर्धा मैल दाखवतो, सगळं ठीक वाटतं. मग रेघ झाडूसारखी फिरायला लागते आणि आकडा दर काही सेकंदांनी उतरत जातो. मान वर केली की जहाजाची बाजू दिसत होती तिथे आता नाळ दिसते. म्हणून इथे पडद्याआधी नकाशा पाठ करा.

नियमही कडक आहे. या भागात १५० मीटरहून लांब जहाजापुढचे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंचे १०० मीटर हा हलता प्रतिबंधित पट्टा असतो. २० मीटरहून लहान होडीने त्यात शिरायचं नाही, शीड असो वा नसो. २०११ च्या काउज वीकमध्ये ‘हान्ने क्नुत्सेन’ या तेलवाहू जहाजापुढे एक स्पर्धक यॉट आली आणि तिचं शीड जहाजाच्या नांगरात अडकलं. पुढे खटला होऊन यॉटच्या कप्तानाला दंड झाला.

आणि एआयएसवर नाव दिसतंय म्हणून व्हीएचएफवर हाक मारून ‘तू डावीकडे जा, मी उजवीकडे जातो’ असं ठरवू नका. ब्रिटिश सागरी प्रशासनाची एमजीएन ३२४ ही सूचना याच धोक्याबद्दल आहे. बोलण्यात मोलाची मिनिटं जातात, भलतंच जहाज उत्तर देऊ शकतं. लवकर आणि ठळक वळा, म्हणजे जहाज चालवणाऱ्या माणसाला ते नुसत्या डोळ्यांनी कळेल.

फोनवरची एआयएस ॲप किनाऱ्यावरच्या रिसीव्हरकडून इंटरनेटने माहिती घेतात. ती उशिरा येते, काही जहाजं गाळलीही जातात. घरच्यांनी तुमची होडी शोधायला ठीक, टक्कर टाळायला अजिबात नाही.

इतकं असूनही पाठवणारं एआयएस घ्याच, असं मी म्हणतो. ऑगस्ट २००६ मध्ये ‘ऊझो’ नावाची छोटी यॉट वाइट बेटाच्या दक्षिणेला रात्री नाहीशी झाली आणि तिच्यावरचे तिघं गेले. तपासाचा निष्कर्ष असा की ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ या फेरीबोटीशी टक्कर होऊन किंवा तिच्या लाटांनी ती बुडाली असावी. रडारवर अशा होडीचा ठसा फार क्षीण पडतो. तरीही पलीकडे कुणी तुमचा ठिपका पाहतोय असं गृहीत धरू नका. गर्दीत काही जण क्लास बीची चिन्हं पडद्यावरून लपवतात.

९. मेडेचा कागद चिकटवा

प्लॅस्टिक चढवलेल्या कागदावर हे मोठ्या अक्षरांत लिहा, होडीचं नाव आणि क्रमांक आधीच भरून:

- लाल झाकण उचला, बटण पाच सेकंद दाबून धरा.
- पंधरा सेकंद उत्तराची वाट पाहा, मग सोळावर पूर्ण शक्तीने बोला.
- ‘मेडे’ तीनदा. ‘धिस इज’ आणि होडीचं नाव तीनदा, कॉल साइन, एमएमएसआय.
- पुन्हा ‘मेडे’ आणि नाव एकदा.
- जागा: अक्षांश-रेखांश, किंवा ओळखीच्या खुणेपासून दिशा आणि अंतर.
- काय झालं, कोणती मदत हवी, माणसं किती, लाइफजॅकेट घातली आहेत का. ‘ओव्हर.’

जागा आधी आणि कारण नंतर, कारण रेडिओ मध्येच बंद पडला तरी शोधायला येणाऱ्यांकडे जागा असली पाहिजे. माणसांचा जीव किंवा होडी तत्काळ धोक्यात असेल तेव्हाच मेडे. इंजिन बंद पडून होडी वाहत चालली असेल पण लगेच धोका नसेल तर ‘पॅन-पॅन’.

बटण चुकून दाबलं गेलं तर घाबरून रेडिओ बंद करून बसू नका. सोळावर नाव आणि एमएमएसआय सांगून संकटसंदेश रद्द करत असल्याचं कळवा. त्यासाठी कुणी रागावत नाही. गप्प बसलात तर मात्र लाइफबोट तुम्हाला शोधत फिरेल.

१०. बीकन, आणि सुट्टीवर भारतात जाताना

लाइफजॅकेटमध्ये ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन ठेवत असाल तर त्याची सरकारी नोंदणी ब्रिटनमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. ती ऑनलाइन आणि मोफत होते. संपर्कासाठी अशा माणसाचा फोन द्या, जो त्या दिवशी तुमच्यासोबत होडीवर नसेल. नवरा-बायको दोघं मिळून जाता आणि एकमेकांचेच नंबर देता, असं करू नका. भाऊ, मैत्रीण, शेजारी, कुणीही चालेल. फक्त तुम्ही कधी निघालात आणि कधी परतणार हे त्याला कळवलेलं असावं.

लांबच्या प्रवासासाठी पुष्कळ जण उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन घेतात. यांपैकी काहीही सुट्टीत मुंबईला किंवा गोव्याला जाताना बॅगेत नेऊ नका. भारतात परवान्याशिवाय अशी यंत्रं बाळगणं आणि वापरणं बेकायदा आहे, विमानतळावर ती जप्त होतात आणि अटकही झालेली आहे. ऑफकॉमचा परवाना तिथे दाखवून उपयोग नाही. होडीची बॅग आणि प्रवासाची बॅग एकच असेल तर विमानतळावर निघण्याआधी तिचे सगळे कप्पे रिकामे करून पाहा, बाजूचे जाळीचे खिसेसुद्धा.